विनोदी सिनेमाचं संगीत हे हलकं काम नव्हे

ओळखीतला एक मुलगा इथे सोलापुरात बसून एकांकिकांना आणि यूट्यूबवरच्या छोट्या विनोदी मालिकांना पार्श्वसंगीत देतो. घरातली एक खोली, कीबोर्ड, लॅपटॉप आणि माइक, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं. परवा एका स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मनापासून कौतुक केलं आणि जाता जाता म्हणाले, "आता काहीतरी गंभीर कर." पोराचा चेहरा उतरला. हे वाक्य मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला लागल्यापासून ऐकत आलोय. आज त्यावर लिहितोच. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

विनोदी सिनेमाला पार्श्वसंगीत देणं हे गंभीर सिनेमापेक्षा अवघड आहे असं माझं ठाम मत आहे. रडण्याच्या प्रसंगात व्हायोलिन जरा उशिरा आलं तरी प्रेक्षक रडतो, त्याचं मन आधीच भरून आलेलं असतं. विनोदात तशी सवलत मिळत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने पळतो. एडिटरने शेवटच्या दिवशी सहा फ्रेम कापल्या की पाव सेकंद गेला, आणि दार आपटल्याबरोबर पडायची थाप तेवढी उशिरा पडते. जोक मेला. तो का मेला हे प्रेक्षकाला कळत नाही, त्याला फक्त हसू येत नाही.

नाटकाला साथ करणाऱ्याचं थोडं बरं असतं. हुतात्मा स्मृती मंदिरात विंगेत बसून मी नाटकांना वाजवलंय. नट वाक्य टाकतो, हशा येतो, नट थांबतो, हशा उतरायला लागला की पुढचं वाक्य. आपण त्याच्याकडे बघत असतो, त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळतं की आता वाजवायचं नाही. सिनेमाच्या संगीतकारापुढे फक्त पडदा असतो. हशा कुठे येईल, किती वेळ टिकेल, हे त्याला बंद खोलीत एकट्याने ताडावं लागतं आणि तेवढी जागा मोकळी ठेवावी लागते. शिवाय प्रेक्षक गावोगावी वेगळा. आमच्या सोलापुरात एकाच रांगेत मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी माणसं बसतात. संवादातली कोटी सगळ्यांना एकाच क्षणी पोचतेच असं नाही, पण वाजणारं संगीत अचानक थांबलं की सगळी रांग एकदम सावध होते. भागवत टॉकीजला हे मी अनेकदा पाहिलंय. त्या थांबण्याचे पैसे संगीतकाराला कुणी देत नाही. "इथे काहीच वाजत नाही, मग काय केलं?" असं विचारणारे निर्माते भेटतात.

या विषयात मी ज्यांना गुरू मानतो ते आहेत अमेरिकेचे एल्मर बर्नस्टाइन. 'द टेन कमांडमेंट्स' (१९५६), 'द मॅग्निफिसेंट सेव्हन' (१९६०) आणि 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) यांचं संगीत त्यांचं. म्हणजे नाव झालेला, वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्यांच्या मुलाचा शाळेतला मित्र जॉन लँडिस दिग्दर्शक झाला आणि १९७८ साली कॉलेजातल्या पोरांच्या दंग्यावरच्या 'अ‍ॅनिमल हाउस'साठी त्याने यांना बोलावलं. मागणी अशी की, विनोदी संगीत नको, गंभीर नाट्य असल्यासारखंच लिहा. बर्नस्टाइननी तसंच लिहिलं. पडद्यावर पोरं धिंगाणा घालतायत आणि मागे भारदस्त ऑर्केस्ट्रा. पात्रं स्वतःला किती महत्त्वाची समजतात ते संगीत सांगतं, आणि हसू तिथून येतं.

मग १९८० साली 'एअरप्लेन!' आला. विमानाच्या संकटावरच्या सिनेमांची ही टिंगल, पण संगीत असं की डोळे मिटून ऐकलं तर खरंच विमान पडणार असं वाटावं. पुढे 'ट्रेडिंग प्लेसेस' (१९८३). त्यात श्रीमंत घराण्याच्या दिमाखाला त्यांनी मोझार्टच्या 'मॅरेज ऑफ फिगारो'ची सुरावट लावली. तो ऑपेरा आहे मालकाला पुरून उरणाऱ्या नोकराचा, आणि सिनेमाची गोष्टही साधारण तीच. ज्याला माहीत आहे त्याला ही खूण सुरुवातीलाच मिळते, ज्याला माहीत नाही त्याला नुसता दिमाख ऐकू येतो, दोघांचंही काम भागतं. या कामाला ऑस्करचं नामांकन होतं. १९८४ च्या 'घोस्टबस्टर्स'मध्ये त्यांनी ओंद मार्तनो नावाचं जुनं विजेवरचं वाद्य भुतांसाठी वापरलं. त्याचा आवाज माणसाच्या गळ्यासारखा घसरत जातो. ते ऐकून आधी भीतीच वाटते.

एवढं सगळं करून झालं काय? हॉलिवूडने त्यांच्यावर विनोदी सिनेमांचा शिक्का मारला. त्यातून सुटण्यासाठी त्यांना मुद्दाम छोटे, गंभीर सिनेमे घ्यावे लागले, 'माय लेफ्ट फूट' (१९८९) त्यातलाच. ऑस्करची चौदा नामांकनं आणि ऑस्कर एकच, तोही १९६७ च्या एका संगीतप्रधान विनोदी चित्रपटासाठी. ज्या प्रकारावरून शिक्का बसला, त्या प्रकारात त्यांनी संगीतकारांच्या पुढच्या पिढीला वाट करून दिली. थिओडोर शपिरो हे 'डॉजबॉल', 'ट्रॉपिक थंडर' अशा विनोदी सिनेमांचं संगीत करत मोठे झाले. पुढे 'सेव्हरन्स' या अंगावर काटा आणणाऱ्या मालिकेसाठी त्यांना २०२२ साली एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. ती मालिका ऐकताना मला सारखं जाणवतं की कुठे गप्प राहायचं हे या माणसाने विनोदी सिनेमांतच घोटून घेतलंय.

आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार'च्या (१९७५) संगीतासाठी दोन मुलं घेतली आणि त्यांना नाव दिलं रामलक्ष्मण. जोडीतले राम, म्हणजे सुरेंद्र, लवकर गेले. लक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील, यांनी जोडीचं नाव सोडलं नाही. आयुष्यभर एकटे 'रामलक्ष्मण' म्हणून काम केलं. याचं मला फार कौतुक वाटतं. दादांच्या गाण्यांत गंमत शब्दांत असते, म्हणून चाल अशी हवी की एक अक्षरही ठेक्याखाली दबता कामा नये आणि चालीने स्वतः डोळा मारता कामा नये. ती शिस्त पाटलांनी तिथे कमावली. पुढे १९८९ ला 'मैने प्यार किया' आला, फिल्मफेअर मिळालं, १९९४ ला 'हम आपके है कौन' आला. त्या गाण्यांतही शब्द असाच स्वच्छ ऐकू येतो. आमच्या गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला एकाच रात्री दोन्हीकडच्या फर्माइशी यायच्या. दोन्ही एकाच माणसाच्या चाली, हे स्टेजवरून सांगितलं की समोरचे चकित व्हायचे. २०२१ साली पाटील गेले तेव्हा बहुतेक बातम्यांची सुरुवात राजश्रीच्या, म्हणजे याच दोन हिंदी सिनेमांपासून होती. दादांबरोबरची वर्षं पायरी म्हणून उल्लेखली गेली. ती पायरी नव्हती.

अजय-अतुलचंही पाहा. 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) आणि 'जत्रा' (२००६) हे दोन्ही विनोदी सिनेमे, आणि गाणी आजही लग्नाच्या वरातीत वाजतात. राष्ट्रीय पुरस्कार मात्र 'जोगवा' या गंभीर सिनेमाला. 'जोगवा' त्या लायकीचाच आहे, त्याबद्दल वाद नाही. विनोदी सिनेमाचं नाव अशा वेळी पुढे येत नाही, एवढंच मला खुपतं. ऑस्करने १९९५ ते १९९८ च्या चित्रपटांसाठी संगीताचे दोन विभाग केले होते, नाट्यमय चित्रपट वेगळे, विनोदी आणि संगीतप्रधान वेगळे. या दुसऱ्या विभागात 'एमा'साठी रेचल पोर्टमन जिंकल्या, चित्रपटाच्या संगीताचं ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री संगीतकार. पुढच्याच वर्षी 'द फुल मॉन्टी'साठी अ‍ॅन डडली. मग तो विभाग बंद केला. माझ्या मते ती चूक झाली.

दोष आपल्या बाजूनेही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक वाक्यानंतर 'टुंई', प्रत्येक धडपडीला शिट्टी, प्रत्येक वेंधळ्या पात्राच्या एन्ट्रीला तेच फुगीर वाद्य. कितीतरी मालिका आणि सिनेमे आपण असे भरून टाकलेत. दिग्दर्शक म्हणतो, "इथे जरा गंमत टाक," आणि आपण लॅपटॉपमधल्या साउंड बँकेतला तयार आवाज उचलून टाकतो. नटाने चांगला घेतलेला पॉज त्याखाली गाडला जातो. माझी विनोदी काम करणाऱ्या पोरांना विनंती आहे, दिग्दर्शकाला एकदा तो प्रसंग बिनसंगीताचा दाखवा आणि मगच कामाला लागा.

आणि त्या मुलाने गंभीर काम जरूर करावं, त्याला आवडलं तर. पण बढती म्हणून नको. परीक्षक मंडळींनाही हात जोडून सांगतो, पुढच्या वेळी विनोदी एकांकिकेचं संगीत तपासताना वाजलेल्या जागांइतकीच न वाजलेल्या जागांचीही नोंद घ्या.

येत्या रविवारी संध्याकाळी माझ्याकडे बर्नस्टाइनचे काही तुकडे लावणार आहे, आधी नुसता आवाज, मग चित्रासह. स्पीकर बरे आहेत, सतरंजी अंथरतो. ज्यांना यायचंय त्यांनी कमेंटमध्ये सांगा.