बटाटा भिजवला की साखर जाते म्हणे, मग कुरडईचा चीक काढता कशाला?

गेले पंधरा दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. वर लाल अक्षरात "घरचा हेल्दी बर्गर आणि फ्राईज, शुगर-बीपीवाल्यांनीही रोज खा" आणि खाली पाच मुद्दे. बटाटा रात्रभर पाण्यात ठेवला की त्यातली साखर पूर्ण निघून जाते. सैंधवात सोडियम नसतं. एअर फ्रायरमध्ये तेल नाही म्हणून कॅन्सरवालं केमिकल तयारच होत नाही. मल्टिग्रेन बन म्हणजे मैदा शून्य. आणि बाहेरचा बर्गर महिनाभर सडत नाही, बघा त्यात काय घालत असतील!

मी असले मेसेज न वाचताच उडवते. पण हा माझ्या कराडच्या आत्याकडे पोचला. आत्या अडुसष्टची, बारा वर्षं शुगरची गोळी चालू, बीपीची वेगळी. नातवाने हौसेने एअर फ्रायर आणून दिलाय आणि आत्या आठवडाभर रोज संध्याकाळी ताटलीभर फ्राईज खातेय. जेवणानंतरची शुगर 250 च्या वर गेली तेव्हा मला फोन, "अगं पण मी तर साखर काढून खातेय की!"

साखर काढून. काय बोलणार.

बटाट्यात साखर मुळात फारशी नसतेच हो, असतो तो स्टार्च. 100 ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण 17 ग्रॅम कार्ब्ज, त्यातला बहुतेक स्टार्चच, आणि पोटात गेल्यावर त्याचं होतं ग्लुकोज. म्हणजे मेसेजवाल्याने जी चीज जेमतेमच होती ती काढून दाखवली आणि जी आहे तिचं नावही घेतलं नाही. हा स्टार्च बटाट्याच्या पेशींच्या आत बंद असतो, सुरीने कापताना ज्या पेशी फाटतात तेवढ्यांतलाच काय तो पाण्यात उतरतो. मी मुद्दाम करून बघितलं, 400 ग्रॅम बटाटे बोटाएवढे कापून रात्रभर पाण्यात ठेवले, सकाळी वरचं पाणी अलगद ओतलं, तळाशी बसलेला पांढरा साका ताटलीत वाळवला, तर तो चमचाभरसुद्धा भरेना. आणि 400 ग्रॅम बटाट्यात कार्ब्ज असतात पासष्ट-सत्तर ग्रॅम! बाकीचे गेले कुठे? कुठेच नाही, फ्राईजमध्येच आहेत.

आत्याला हे आकडे सांगून उपयोग नव्हता, तेव्हा मी तिला कुरडयांचं विचारलं. दर उन्हाळ्यात पाच किलो गव्हाच्या कुरडया घालते ती. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, पिळायचा, गाळायचा, रात्रभर ठेवायचा, तेव्हा कुठे खाली चीक बसतो. हा चीक म्हणजेच गव्हातला स्टार्च. नुसतं भिजवून तो बाहेर येत असता तर आत्या, तू दरवर्षी वाटायचे आणि पिळायचे कष्ट कशाला घेतेस गं? तीन दिवस पाण्यात राहून गहू स्टार्च सोडत नाही आणि बटाटा एका रात्रीत सगळा सोडतो होय? फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "हां, ते बरोबर आहे तुझं."

आता अर्धं खरंही सांगते, नाइलाजाने. भिजवण्याचा फायदा आहे. वरवरचा स्टार्च धुतला जातो, फोडी एकमेकींना चिकटत नाहीत, कुरकुरीत होतात. शिवाय तळण्या-भाजण्याआधी कच्च्या फोडी 15 ते 30 मिनिटं पाण्यात ठेवल्या तर अ‍ॅक्रिलामाइड कमी तयार होतं असं अमेरिकेचं अन्न-औषध खातंच सांगतं. मेसेजमधलं "कॅन्सरवालं केमिकल" ते हेच. पण ते तेलात नसतं! 2002 साली स्वीडनमध्ये ते खाद्यपदार्थांत सापडलं, आणि नंतर कळलं की बटाट्यातलंच अ‍ॅस्परॅजिन (प्रथिनांचा एक घटक) आणि थोडीफार असते ती साखर साधारण 120 अंशांच्या वर तापली की ते बनतं. मग कढई असो, ओव्हन असो नाहीतर एअर फ्रायर. उकडलेल्या बटाट्यात ही भानगड नाही. युरोपात तर 2017 साली नियमच आला, फ्राईजसाठी किलोमागे 500 मायक्रोग्रॅम हा मापदंड. घाबरून जाऊ नका, खाण्यातून माणसाला यामुळे कॅन्सर होतोच असं काही पक्कं ठरलेलं नाही. पण आत्या त्या फोडी जायफळाच्या रंगाच्या होईस्तोवर ठेवते, "कच्च्या राहायला नकोत" म्हणून, ते चूकच. सोनेरी झाल्या की काढा. आणि कोल्ड स्टोरेजमधला गोडसर बटाटा आला असेल तर तो लवकर काळवंडतो, त्याची आपली भाजी करा.

सैंधवाचं तर डोकंच फिरतं. मीठ म्हणजेच सोडियम क्लोराइड, आणि सैंधवही जवळपास सगळं तेच, रंग गुलाबी असला म्हणून काय झालं? 5 ग्रॅम मीठ म्हणजे सुमारे 2 ग्रॅम सोडियम, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाला 5 ग्रॅमच्या आतच राहा म्हटलंय, त्यात लोणचं, पापड, केचप सगळं आलं. आत्या बीपीची गोळी घेऊन वर फ्राईजवर सैंधव भुरभुरवत होती, "हे चालतं" म्हणून. वर त्यात सहसा आयोडीनही नसतं.

बनचं थोडक्यात. पाकिटामागे घटक जास्त वजनापासून कमी वजनाकडे लिहिलेले असतात, पहिला शब्द मैदा असेल तर पुढे सात धान्यं असली तरी तो मैद्याचाच पाव. न सडणारा बर्गर? पातळ टिक्की, उघड्यावर ठेवली की वाळते, आणि वाळलेल्याला बुरशी लागत नाही. आपले पापड डब्यात वर्षभर टिकतात, त्यात कोण काय घालतं?

घरचा बर्गर वाईट नाही, मीही करते, राजमा आणि बीट घालून. मीठ-तेल आपल्या हातात राहतं हे खरं, अर्थात तळणीचं उरलेलं तेल गाळून पुन्हा पुन्हा तापवणार असाल तर तेही नाही.

आत्याला म्हटलं तो मेसेज आधी डिलीट कर. म्हणाली, "करते गं, पण भिशीच्या ग्रुपवर टाकलाय ना मी, त्यातल्या चौघींनी भिजत घातलेत आज."