गळा देवाने दिला, तरी शिकवणीची फी मी घेते

सर्वांना जय ख्रिस्त.

नाताळ जवळ आला की मला ठरावीक फोन सुरू होतात. "ताई, मुलांची दोन-तीन गाणी बसवून द्या ना." त्यापाठोपाठ, "आमच्या मुलीला जरा कीबोर्ड दाखवा, आपल्यातलीच आहे." फी सांगितली की पलीकडे क्षणभर कोणी बोलत नाही. मग हळूच विचारतात, "आपल्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांकडूनसुद्धा घेता?"

हो, घेते. का घेते ते आज सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न आपल्यातल्या कितीतरी बायकांना विचारला जातो आणि त्या भिडेपोटी गप्प बसतात.

मी पुण्यात राहते, माहेर नगरकडचं. वडील गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक समोर न ठेवता अर्धी गाणी त्यांना पाठ होती, मीही तिथेच शिकले. पुढे रीतसर गाणं शिकले, परीक्षा दिल्या, एका शाळेत संगीत शिकवलं. धाकटा झाल्यावर त्याला सांभाळायला घरात कोणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडली आणि हॉलमध्ये क्लास सुरू केला. दुपारी चार ते रात्री आठ पेटी, कीबोर्ड आणि गाणं. महिन्याला बाराशे रुपये, आठवड्यातून दोन दिवस. दोन्ही मुलांच्या शाळेची फी आणि किराण्याचा बराचसा भाग त्यातून निघतो. आमच्या घरात हा वरकमाईचा पैसा नाही. तो थांबला तर महिना अडतो.

लोकांना वाटतं, गाणं येतं म्हणजे शिकवता येतं. शिकवणं प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगते. सात-आठ वर्षांचं मूल पेटीसमोर बसलं की पहिल्यांदा प्रत्येक स्वराबरोबर भाता हलवतं. सा दाबला की एक धक्का, रे दाबला की दुसरा धक्का. सूर येतो तो तुटक. मग मी त्याचा उजवा हात पट्टीवरून काढते आणि नुसता भाता द्यायला लावते, श्वासासारखा सावकाश. त्याच्या डाव्या हातावर माझा हात ठेवते. सा मीच धरून ठेवते आणि त्याला म्हणते, हा आवाज मधे कुठे हलतोय का ते ऐक. काही मुलांना हे एका दिवसात जमतं, काहींचा अख्खा महिना त्यात जातो. कीबोर्डवर चौथं बोट, म्हणजे अनामिका, तिसऱ्याशिवाय एकटं उचलतच नाही. ते सुटं व्हायला तोच धडा पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो आणि तो घेताना मुलाला कंटाळा येऊ द्यायचा नाही. ट्रिनिटी कॉलेजच्या पाश्चात्त्य संगीताच्या इनिशिअल ग्रेडला बसणारं मूल आणि गांधर्व महाविद्यालयाची शास्त्रीय संगीताची प्रारंभिक परीक्षा देणारं मूल एकाच संध्याकाळी येतात. एकाला स्टाफ नोटेशन, दुसऱ्याला सरगम आणि तालाच्या मात्रा. दोघांची तयारी वेगळी, वह्या वेगळ्या.

आणि ही मिळकत बारा महिने सारखी नसते. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही पालक मुलांना घालतात आणि दहावी आली की "आता अभ्यास आहे" म्हणून काढून घेतात. मे महिन्यात निम्मा क्लास गावी. पावसाळ्यात पेटीचे सूर दमट हवेने बिघडतात, दुरुस्तीचा खर्च माझा. कुकर, सासूबाईंचं औषध, धाकट्याचा गृहपाठ हे सगळं याच चार तासांच्या आजूबाजूला बसवायचं. हे काम आहे, आणि मी ते मनापासून, आवडीने करते.

आता बायबलमधल्या वचनाकडे येते, कारण मला वचनच दाखवलं जातं. "तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या." मत्तय १०:८. प्रभूचं वचन आहे, माझंही त्यावर प्रेम आहे. पण ते बोलणं कोणत्या संदर्भात आहे? प्रभू बारा शिष्यांना रोग्यांना बरं करायला, भुतं काढायला पाठवत आहेत. आणि दोनच वचनं पुढे, दहाव्यात, कामकऱ्याच्या पोटाची तजवीज झालीच पाहिजे असंही तेच म्हणतात. लूक १०:७ मध्ये तर मजुरीचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्धं वाचून दुसऱ्याला ऐकवायचं, हे मला पटत नाही.

गायकांबद्दल तर पवित्र शास्त्र फार नेमकं बोलतं. दावीद राजाने आसाफ, हेमान आणि यदूथून यांच्या घराण्यांना वाद्यांसह गाण्यासाठी वेगळं काढलं. १ इतिहासाच्या २५व्या अध्यायात शिकून तयार झालेल्यांची संख्याही दिली आहे, २८८. त्यातच म्हटलंय की लहान-मोठा, गुरू-शिष्य सगळ्यांनी सारख्याच चिठ्ठ्या टाकल्या. म्हणजे शिकणं आणि शिकवणं तेव्हाही होतं. आणि नहेम्याच्या १३व्या अध्यायातलं दहावं वचन माझ्या मनातून जात नाही. लेव्यांना, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाच्या लोकांना, त्यांच्या उपजीविकेचे वाटे दिले गेले नव्हते, म्हणून ते आणि गायक मंदिराचं काम सोडून आपापल्या शेताकडे निघून गेले होते. यरुशलेमचा कारभार पाहणाऱ्या नहेम्याने त्यासाठी गायकांना दोष दिला नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो, देवाचं मंदिर असं का टाकून दिलं? मग सगळ्यांना परत बोलावून त्यांच्या जागी उभं करतो आणि वाटे पुन्हा सुरू होतात. आपल्या कित्येक चर्चमधली पेटी आज बंद का आहे, याचं उत्तर शोधणाऱ्याने हा अध्याय उघडावा.

दुसरं उदाहरण मला टिळकांचं दिलं जातं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आजही आपल्या उपासनेत आहेत आणि त्यांचा आदर मला कोणी शिकवायला नको. अभंगाच्या चालीवर प्रभूचं नाव घ्यायची वाट त्यांनी मोकळी केली, माझ्या वडिलांची पेटी त्याच वाटेवरची. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यासवृत्ती घेतली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. हे मोठंच आहे. पण ते सांगताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना कोणी मधे आणत नाही. टिळकांचा हात आयुष्यभर सढळ, आणि घर चालवण्याची ओढाताण लक्ष्मीबाईंची. १९१९ मध्ये टिळक गेले, त्यानंतर सतरा वर्षं त्या होत्या. ज्याला पगार सोडायची हाक येते त्याने जरूर सोडावा. ती हाक शेजारणीने फोनवर मला कळवायची गोष्ट नाही.

तिकडे जर्मनीत लाइपझिगला चर्चसंगीत सांभाळणारा संगीतकार योहान सेबास्टियन बाख आपल्या रचनांखाली 'केवळ देवाला गौरव' या अर्थाची लॅटिन आद्याक्षरं लिहायचा. त्यानेच १७३० मध्ये एका मित्राला पत्र लिहून मिळकतीची अडचण सांगितली. हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात आणि त्यांचे पैसे बुडतात, असं त्यात आहे. घरात मुलंबाळं होती, हिशोब करावाच लागत होता. म्हणून त्याच्या भक्तीत काही उणं आलं असं कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. रविवारी उपासनेत मी वाजवते त्याचा एक रुपया घेत नाही, घेणारही नाही. ते माझं अर्पण आहे. ज्या घरात खरोखर अडचण आहे तिथलं मूल माझ्याकडे फी न देता शिकतं आणि ते कोण, हे बाकीच्या मुलांनाही माहीत नसतं. ते मी ठरवते, प्रार्थना करून ठरवते. पण दोघे नोकरी करणारे, मुलीला पोहायला आणि अबॅकसला पैसे मोजणारे आईवडील माझ्या दारात येऊन "आपल्यातलीच आहे" म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं हिंदू घरांतली आहेत. गणपतीच्या आधी त्यांना आरती वाजवायला शिकायची असते, मी शिकवते. नाताळात तीच मुलं आवडीने कॅरल वाजवतात. यावरूनही मंडळीत कुणी नाक मुरडलं होतं. मला त्यात काहीच अडचण वाटत नाही. त्या आया महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न मागता फी पाठवतात आणि "टीचर, थकलात का, चहा आणू?" असं विचारतात. माझ्या कामाला काम म्हणून पहिल्यांदा मान दिला तो त्यांनी.

पाळकसाहेबांशी मी याबद्दल बोलले आहे, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. वार्षिक सभेच्या पत्रकात साउंड सिस्टीमसाठी रक्कम असते, रंगकामासाठी असते, कन्व्हेन्शनच्या जेवणासाठी असते. संडेस्कूलच्या मुलांना वर्षभर गाणं शिकवणाऱ्या बाईसाठी एक ओळही नसते. येत्या सभेत मी तो ठराव मांडणार आहे: आठवड्याला एक तास, ठरलेलं मानधन, शिकवणारी मी असेन किंवा दुसरी कोणी. तिचं नाव आणि रक्कम पत्रकात छापलेली असावी. अनुमोदन द्यायला दोघी तयार आहेत. तुमच्या मंडळीत असं मानधन आधीच देत असाल तर किती आणि कशा पद्धतीने देता ते खाली लिहा, मला सभेत सांगता येईल.