संबंधावेळची डोकेदुखी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं शिलाजीत

‘शरीरसंबंधाच्या वेळी डोकं दुखतं म्हणजे वीर्य घटलंय. हे पन्नाशीनंतरच होतं. पेनकिलर घ्या, शिलाजीत सुरू करा, स्कॅन म्हणजे निव्वळ लूट.’ पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज माझ्या पेशंटांनीच मला दाखवला. सिंहगड रोडवर माझी जनरल प्रॅक्टिस आहे, आणि या मेसेजची मला खरोखर धास्ती वाटते.

वीर्याचा इथे काही संबंध नाही. ही डोकेदुखी बायकांनाही होते, पुरुषांत जास्त दिसते इतकंच. काहींना तर उत्तेजना वाढू लागली की वीर्यपाताआधीच मान आणि जबडा आवळून दुखायला लागतं. पन्नाशीचंही खोटं, विशी-चाळिशीतले पेशंट भरपूर असतात.

पेनकिलरचा सल्ला मात्र जिवावर बेतू शकतो. पहिल्यांदाच, एकदम, मिनिटभरात असह्य झालेली कळ म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटलेला असू शकतो. वर अ‍ॅस्पिरीन घेतली तर रक्तस्राव वाढण्याची भीती. उलटी, मान ताठणं, शुद्ध हरपणं, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही असलं तर 108 लावा. यातलं काही नसलं, तरी अशा पहिल्या कळेला त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं.

स्कॅन लूट नाही. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटीत असा रक्तस्राव बहुधा सापडतो. उशीर झाला की निसटू शकतो, मग पाठीतून पाणी काढून तपासावं लागतं. काही दिवसांत अशी कळ पुन्हा पुन्हा आली, तर मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसल्यात का हे पाहायला अँजिओग्राफी करतात.

हे सगळं नॉर्मल निघालं की घाबरायचं कारण नाही. बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप थांबतो. तोवर संबंधाआधी इंडोमेथॅसिन (एक वेदनाशामक) किंवा रोज प्रोप्रॅनोलॉल (बीपीचं एक औषध) देता येतं, पण डॉक्टरांनी दिलं तरच: पहिलं अल्सर-किडनीवाल्यांना, दुसरं दमेकऱ्यांना चालत नाही. सिल्डेनाफिलनेही, म्हणजे व्हायग्रातल्या औषधानेही, डोकं दुखतं, घेत असाल तर लपवू नका.

माझ्याकडे येणारा माणूस आधी ‘बीपी बघायचंय’ म्हणतो. बायको बाहेर गेली की मानेवर हात ठेवून हळूच सांगतो, ‘डॉक्टर, दिवाळीपासून होतंय.’ कॅज्युअल्टीत ‘जिना चढताना दुखलं’ असं सांगू नका. ‘संबंध चालू असताना अचानक दुखलं’ असंच सांगा, आणि किती वाजता ते सांगा.