पालथं झोपवा म्हणे!

'जगातल्या आयांकडून शिकाव्यात अशा पाच गोष्टी' हा फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. एरवी असलं काही आलं की मी न वाचताच पुढे सरकतो. पण तो माझ्या भाचीच्या सासरच्या ग्रुपवर पोचला. तिचं बाळ अजून दोन महिन्यांचंही नाही. तिचा फोन आला, "मामा, बाळाला पालथं झोपवू का? इथे सगळे म्हणतायत, डोकं गोल होतं." मग मात्र राहवलं नाही.

मुद्दा तिसरा आधी घेतो, कारण बाकीचे चार चुकले तरी कोणाच्या जिवावर बेतणार नाही.

फॉरवर्ड म्हणतो, 'युरोप-अमेरिकेत बाळांना पोटावर झोपवतात. झोप गाढ लागते, डोकं चपटं होत नाही, उलटी घशात अडकत नाही.' झोपवतात नाही हो, झोपवायचे! विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले डॉक्टरच तसं सांगत होते आणि त्याची किंमत तिथल्या बाळांनी मोजली. धडधाकट तान्हं मूल झोपेतच दगावतं आणि तपासणीत कारण सापडत नाही, त्याला सिड्स म्हणतात. 2005 साली रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'मध्ये जुन्या अभ्यासांचा आणि बालसंगोपनाच्या पुस्तकांतल्या सल्ल्यांचा एकत्र आढावा घेतला. पालथं झोपवण्यात धोका आहे हे दाखवणारा पुरावा 1970 च्या सुमारासच हाताशी होता, तरी पुढे जवळपास वीस वर्षं उलटा सल्ला चालूच राहिला. पुराव्याकडे वेळीच लक्ष दिलं असतं तर एकट्या ब्रिटनमध्ये 10,000 हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान 50,000 बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे. पन्नास हजार! आणि आपण तोच सल्ला 'प्रगत देशांचं गुपित' म्हणून एकमेकांना पाठवतोय.

त्या देशांनी केव्हाच पाठ फिरवली. नेदरलँड्सने 1987 मध्ये, ब्रिटनने 1991 मध्ये उताणं झोपवण्याचा प्रचार सुरू केला. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये सल्ला बदलला आणि 1994 मध्ये देशभर मोहीम निघाली. दहा वर्षांच्या आत तिथलं सिड्सचं प्रमाण निम्म्यावर आलं. हाँगकाँगमध्ये बाळांना उताणं झोपवायचीच रीत होती आणि तिथे असे मृत्यू फारच कमी होतात, हे 1985 मध्येच छापून आलं होतं. तेव्हा शिकायचंच होतं तर तिकडून शिकायचं.

आता ती तीन कारणं. झोप गाढ लागते, हे खरं आहे. धोका नेमका तिथेच आहे, कारण श्वास कोंडला तरी पालथं बाळ सहजी जागं होत नाही. उलटीचं उलट आहे. बाळ उताणं असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, म्हणजे बाहेर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला वर चढावं लागेल. पालथ्या बाळात ते सरळ खाली उतरू शकतं. डोक्याचं मात्र मान्य करतो. उताणं झोपवायला लागल्यापासून मागून चपट्या डोक्याची बाळं जास्त दिसू लागली. त्यावर उपाय म्हणजे बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पोटावर ठेवणं. मानही धरायला लागतं. झोपवायचं मात्र उताणंच, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला उशी न ठेवता. पुढे ते स्वतःहून दोन्हीकडे वळायला लागलं की रात्रभर जागून सरळ करत बसायची गरज नाही.

उरलेले मुद्दे भराभर घेतो.

'जपानी आया बाळाला शेजारी घेऊन झोपतात, म्हणून तिथे सिड्स नाही.' असं असेल तर तिथलं सरकार दर नोव्हेंबरात सिड्सविरोधी जागृतीचा महिना कशाला पाळतं? त्यातही पहिली सूचना हीच: वर्षाच्या आतलं मूल उताणं झोपवा.

'नॉर्वे-फिनलंडची बाळं थंडीत बाहेर झोपतात, म्हणून आजारी पडत नाहीत.' बाबागाडीत, नीट गुंडाळून बाहेर झोपवतात, हे खरं. आजारी न पडण्याचं वाक्य पाठवणाऱ्याने पदरचं घातलंय.

'आफ्रिकेतली बाळं रडत नाहीत, कारण ती सतत अंगावर असतात.' आफ्रिका म्हणजे एक गाव आहे का? तिथल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांच्या बाळांचा अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. ती दिवसभर आईच्या अंगावर, सारखी पाजली जाणारी बाळं. तीही रडत होती आणि पहिल्या काही महिन्यांत त्यांचंही रडणं इतर बाळांसारखंच वाढून मग ओसरत होतं. फक्त दर वेळचं रडणं कमी वेळ टिकायचं. म्हणजे उचलून घेण्याचा फायदा आहेच, पण तुमचं मूल रडतंय म्हणून तुमचं काही चुकलं असं होत नाही.

शेवटचा मुद्दा आयांना नुसता घोर लावणारा: 'केनियातली मुलं लवकर चालतात, आपली मागे का?' चार्ल्स सुपर यांनी 1976 मध्ये केनियातल्या किप्सिगिस समाजाबद्दल लिहिलं, ते असल्या वाक्यांचं मूळ असावं. तिथल्या आया बाळांना बसायला आणि चालायला मुद्दाम शिकवत, म्हणून ती त्या दोन गोष्टी साधारण महिनाभर आधी करत. रांगायला कोणी शिकवत नसे, त्यात ती पुढे नव्हती. उलट पॅराग्वेतल्या जंगलात राहणाऱ्या आचे लोकांची मुलं धोक्यामुळे सतत कडेवर असत, ती दोन वर्षांच्या आसपास चालायला लागत. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतली निरोगी मुलं पाहिली. आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका पसरलेला निघाला, आणि शंभरातली चार मुलं हातापायांवर रांगलीच नाहीत.