पाच वर्षं झाली म्हणून गाडी काढायची?

“गाडीला पाच वर्षं झाली किंवा १ लाख किलोमीटर झाले, की ती एक्सचेंजला द्या आणि नवी घ्या. त्यापुढे ती गाडी राहत नाही, पैसे टाकायचा खड्डा होते.” असा एक लांबलचक संदेश सध्या फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या गाड्या बारा-बारा वर्षांच्या आहेत आणि ठणठणीत चालतात. पुढे पाठवताना ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

संदेशात सात कारणं दिली आहेत. सातही खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. एक बऱ्यापैकी खरं आहे, दोन अर्धी खरी आहेत. पण सगळ्यांत एक खोट समान आहे: जुन्या गाडीचा खर्च भिंगातून पाहायचा आणि नवीचा लांबून. गाडी बदलताना विचारायचा प्रश्न साधा असतो, की पुढचं एक वर्ष या गाडीत किती पडेल आणि त्या गाडीत किती? संदेशात तो कुठेच नाही.

“पाच वर्षांनंतर भाव कोसळतो, त्याआधी विका.”

हे उलटं आहे. भाव कोसळतो तो सुरुवातीला. समजण्यापुरतं धरू की नवी गाडी १०० ला घेतली. पहिल्या वर्षी ती पाचवा हिस्सा उतरते आणि पुढे दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के. मग वर्षागणिक किंमत अशी जाते: ८०, ६८, ५८, ४९, ४२. सहाव्या वर्षी ती ३६ च्या आसपास येते. म्हणजे सहाव्या वर्षी गाडी ठेवण्याचा घसारा, म्हणजे किमतीतली घट, ६, आणि तीच देऊन नवी आणली तर पहिल्याच वर्षीचा घसारा २०. मॉडेलप्रमाणे आकडे खाली-वर होतील, पण उताराचा आकार असाच असतो: आधी कडा, मग पठार. कड्यावरून उतरण्याचे पैसे आपण मोजून झालेत. आता पठारावर चालायची वेळ आली, तर संदेश सांगतो पुन्हा कड्यावर चढा.

“१ लाख किलोमीटरनंतर इंजिन संपतं.”

या आकड्याची भीती थोडी जुन्या मीटरमुळेही असावी. पूर्वी बऱ्याच गाड्यांच्या मीटरमध्ये किलोमीटरचे पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर. मीटर संपला म्हणजे गाडी संपली, असं मनात बसलं असेल तर नवल नाही. अमेरिकेतले एक शिक्षक, अर्व्ह गॉर्डन, यांनी १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो पी१८०० २०१३ मध्ये ३० लाख मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरवर पोहोचली होती. ते टोकाचं उदाहरण आहे, आपल्यातला कोणी तिथवर जाणार नाही. पण १ लाख ही लोखंडाने आखलेली रेघ नाही, एवढं त्यातून कळतं.

लाखाच्या आसपास खरोखर काय होतं, तर झिजणाऱ्या वस्तूंची पाळी एकाच सुमारास येते. क्लच प्लेट, शॉकअप, सस्पेन्शनचे बुश, टायर, बॅटरी. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट असेल तर तोही, आणि त्यात मात्र चालढकल नको. बेल्ट रबराचा असतो, किलोमीटरइतकाच वयानेही थकतो, आणि बऱ्याच इंजिनांत तो धावत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग खरंच इंजिन गेलं. ज्या गाडीत बेल्टऐवजी साखळी आहे तिथे ही ठरावीक बदली नसते. चार कामं एका वर्षात निघाली की माणूस म्हणतो ‘गाडी खर्चात आली’, पण ही कामं झाली की पुढची काही वर्षं त्यांचं तोंड बघावं लागत नाही. गंमत अशी की बरेच लोक नेमकी ही कामं उरकून, दुसऱ्या वर्षी, गाडी विकतात. नवे टायर, नवी क्लच प्लेट पुढच्या मालकाला फुकट.

इंजिन खरंच थकलंय का हे बघायचं तर मीटर कशाला, धूर बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पुरतं जळत नाही, आणि ते अनेकदा किरकोळ कारणाने. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत शिरत असण्याची शंका घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधी लगदा दिसला तर ती शंका वाढते. थंडीत नुसत्या जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत मात्र तो साध्या ओलाव्यानेही साचतो. पक्कं करायचं तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, करून घ्या. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

“दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली, तर ती करू नका.”

सातांपैकी हा मुद्दा सगळ्यात शहाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करायची कशाला? बाजारभावात आपण राहत नाही. तुलना करायची ती दुरुस्ती न केल्यास जे करावं लागेल त्याच्याशी.

मघाचंच मोजमाप घेऊ, नवी गाडी १०० ची. नऊ-दहा वर्षांची गाडी, धडधाकट अवस्थेत २० ला जाईल अशी. काम निघालं १२ चं. साठ टक्के! संदेशाच्या हिशेबाने काढून टाका. आता कागद घ्या. आहे तशी, नादुरुस्त विकली तर १० येतील. दुरुस्त करून दोन वर्षं वापरली, तर त्यानंतर १४ येतील. म्हणजे सोडलेले १०, घातलेले १२, वजा परत येणारे १४: दोन वर्षांचे ८. नेहमीची देखभाल दरवर्षी ५ धरली तर एकूण १८. नवी गाडी याच दोन वर्षांत १०० वरून ६८ वर येते, म्हणजे ३२ गेले. कर्जाचं व्याज आणि नव्या गाडीचा चढा विमा अजून धरलेलाच नाही.

तिसरा पर्याय संदेशात नाहीच: तीन वर्षांची वापरलेली गाडी ५८ ला घ्या, दोन वर्षांनी ती ४२ ची. गेले १६, वर देखभालीचे ६, मिळून २२. १८ आणि २२ मधला फरक डोंगराएवढा नाही. इथे माणूस आपल्या सोयीने ठरवू शकतो, आणि कोणी बदलली तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

या हिशेबात एक गृहीतक आहे: दोन वर्षांत दुसरं मोठं काम निघणार नाही. म्हणून दुरुस्तीला होकार देण्याआधी मिस्त्रीला विचारा, ‘यानंतर काय येणार?’ चांगला मिस्त्री लगेच दोन नावं सांगतो. त्यात गिअरबॉक्स असेल तर कागद पुन्हा मांडा. आणि ‘गेल्याच वर्षी एवढे घातले, आता कशी विकू’ हे त्या कागदावर येऊ देऊ नका. गेल्या वर्षीचे पैसे गेले. गाडी ठेवली काय, विकली काय, ते परत येत नाहीत.

“नवी गाडी मायलेजमधूनच पैसे वसूल करून देते.”

१५ चं मायलेज २० झालं, वर्षाला १२,००० किलोमीटर चालवली. ८०० लिटरऐवजी ६०० लिटर लागले, वाचले २००. आता नवी घेताना वरून द्यायची फरकाची रक्कम लिटरांत मांडा. ती ५,००० लिटरांइतकी असली तरी वसुलीला २५ वर्षं. रोज दिवसभर गाडी चालवणाऱ्याचा हिशेब वेगळा येईल, त्याने जरूर मांडावा.

मायलेजच्या आकड्यात आणखी एक चकवा आहे. १० वरून १२ आणि २० वरून ३०, यात कुठे जास्त वाचतं? त्याच १२,००० किलोमीटरवर दोन्हीकडे बरोबर २०० लिटर. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोन संशोधकांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हाच गोंधळ दाखवून दिला होता. शोरूममध्ये ३० चा आकडा दिसला की डोळे दिपतात. लिटरभरात किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा १०० किलोमीटरला किती लिटर, असं विचारलं की दिपत नाहीत.

“हप्ता ठरलेला असतो, दुरुस्ती कधीही येते.”

खरं आहे. हप्ता दर महिन्याला येतो हे ठरलेलंच असतं. दुरुस्ती काही महिने येतच नाही. अचानक खर्चाचीच भीती असेल तर हप्त्याच्या निम्मी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत जा, भीती तिथेच संपते. जुन्या गाडीचं कर्ज फिटलेलं नसताना उरलेली बाकी नव्या कर्जात मिसळून देणारेही भेटतात. तिथे बुडत्याचा पाय खोलातच जातो: जी गाडी दारात नाही तिचे हप्ते, वर व्याजासकट.

“एक्सचेंजमध्ये कटकट नाही आणि भावही चांगला.”

पहिला भाग कबूल. अनोळखी माणसं घरी येणार, फेरी मारून बघणार, घासाघीस करणार, कागदपत्रं बदलेपर्यंत जीव टांगणीला. यातून सुटका होते आणि त्या सुटकेची काही किंमत असतेच. पण भाव? एक्सचेंजच्या टेबलावर एका वेळी तीन व्यवहार चालतात: जुनीचा भाव, नवीची सूट आणि कर्जाचा दर. एकीकडे दिलेलं दुसरीकडे सहज काढून घेता येतं. मी एकदा असाच बसलो होतो. जुनीला अपेक्षेपेक्षा बराच जास्त भाव लागला, मनात लाडू फुटले. मग सहज विचारलं, जुनी दिलीच नाही तर नवी केवढ्याला पडेल? समोरच्याचं पेन थांबलं. आत जाऊन आला आणि नवा आकडा सांगितला. जुनीवर चढवलेला भाव नवीच्या सूटमधून जवळजवळ तेवढाच कापलेला होता. तेव्हापासून मी आधी नवीचा रोख भाव कागदावर लिहून घेतो आणि जुनीचं नाव नंतर काढतो.

त्याच दिवशीची आणखी एक गोष्ट लक्षात राहिली. गाडी तपासायला आलेल्या पोराने रंगाची जाडी मोजायचं यंत्र दारांना टेकवलं, डाव्या मागच्या दारावर आकडा वाढला, त्याने ‘रिपेंट’ असं लिहून पैसे कापले. दहा मिनिटांत तपासणी संपली. दर ८,००० किलोमीटरला ऑइल बदललंय, गाडी कधी तापू दिली नाही, हे मी सांगितलं. त्याने मान हलवली. त्याच्या फॉर्मात त्यासाठी रकानाच नव्हता. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली वापरलेल्या गाड्यांच्या बाजारावरच एक निबंध लिहिला होता, आणि २००१ चं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा. त्याचं म्हणणं: विकणाऱ्याला गाडीची नस ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा प्रत्येक गाडी सरासरी धरूनच भाव देतो. निगुतीने ठेवलेल्या गाडीवर त्यात अन्याय होतो. आपल्या गाडीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्याचे पैसे बाजारात मिळत नाहीत. ते ज्ञान वसूल करायचा मार्ग एकच, गाडी स्वतः वापरणं.

“नवी गाडी जास्त सुरक्षित.”

हे मानावं लागेल. या मुद्द्यासोबत फिरणारा व्हिडिओही खरा आहे: २००९ मध्ये गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू एकमेकींवर आदळवली. जुन्या, जड, क्रोमने मढवलेल्या गाडीचा ड्रायव्हरच्या बाजूचा सांगाडा कोलमडला. नवीत बसायची जागा शाबूत राहिली. पण त्या दोन गाड्यांत ५० वर्षांचं अंतर होतं, पाचाचं नाही. आपल्या गाडीत काय आहे ते बघा. एअरबॅग, ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आणि घसरताना गाडी सावरणारं ईएससी हे तिन्ही असतील, तर पाच वर्षांत त्यात भर पडते, उडी क्वचितच. तिन्ही नसतील आणि घरचे सगळे त्यातून हायवेने जात असतील, तर माझे वरचे सगळे आकडे बाजूला ठेवा आणि बदला.

मीही एकदा हिशेब न करता गाडी दिली आहे. चौदा वर्षांची होती, इंजिन घड्याळासारखं चालायचं. मागून कट्कट् आवाज येतो म्हणून मिस्त्रीने ती लिफ्टवर घेतली. सस्पेन्शन जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसतं तिथे त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जरा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला, बिस्किटात जावा तसा. खाली गंजाचा भुगा पडला. दुरुस्तीला किती लागतील हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्या आठवड्यात गाडी भंगारात गेली.