कुत्र्याने सडकं खाल्लं तर आधी ते मीठपाणी ठेवा बाजूला

कुत्र्याने डस्टबिन उलथवून नासकं काहीतरी खाल्लं की घरात एकदम सगळेच डॉक्टर होतात. एक म्हणतो उलटीसाठी मीठपाणी पाजा, दुसरा म्हणतो घशात बोट घाला, आणि एखादे काका असतातच, "काही होत नाही हो, कुत्र्याला सगळं पचतं".

आता काकांचं अर्धं बरोबर आहे. पोटातलं अ‍ॅसिड बरेच जंतू मारतं म्हणून पुष्कळदा एखादी उलटी, एकदोन पातळ जुलाब आणि विषय संपला. पण अन्नात जंतूंनी किंवा बुरशीने आधीच विष तयार करून ठेवलं असेल तर त्यावर अ‍ॅसिड काय करणार?

मिठाचं तर डोक्यातून काढूनच टाका. उलटी झाली नाही तर ते मीठ पोटात राहतं, रक्तातलं सोडियम वाढतं, फिट येतात आणि कुत्रा दगावू पण शकतो, म्हणजे सडक्या अन्नाने झालं नसतं ते आपण केलं. उलटी काढायचीच तर ती व्हेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरने, इंजेक्शन वगैरे देऊन, आणि त्याचाही उपयोग साधारण पहिल्या दोनेक तासांतच. कुत्रा गुंगीत असेल किंवा थरथरत असेल तर उलटी फुप्फुसात जायची भीती.

म्हणून आधी उरलेलं काढून घ्या, काय खाल्लं, किती, कधी ते बघा, फोटो काढा, थोडं पिशवीत भरा आणि व्हेटला फोन लावा. आणि खरं सांगा हो! लोक लाजतात, "दोन बिस्किटं खाल्ली" म्हणतात आणि तिकडे डॉक्टर भलतंच शोधत बसतात. सडलेल्यासोबत कांदा, मनुके, शिजवलेली हाडं, शुगर फ्री च्युइंग गम असं काही गेलं असेल तर खरा धोका बहुतेक त्याचाच.

मला सगळ्यात जास्त भीती बुरशीची वाटते. बुरशी आलेला ब्रेड, चीज, अक्रोड, कंपोस्टचा ढीग. काही बुरशींचं विष थेट मज्जासंस्थेवर जातं, अर्ध्या तासापासून काही तासांत धाप, बेचैनी, ताठ चाल, अंग थरथरणं, जरा आवाज झाला तरी दचकणं आणि मग फिट. अंग तापतं पण खूप, नॉर्मल साधारण ३८.३ ते ३९.२ डिग्री सेल्सियस असतं. इथे "सकाळपर्यंत बघू" अजिबात नको.

बाकी कुत्रा खेळतोय, पाणी पोटात टिकतंय तर मोठ्या कुत्र्याला एखादं जेवण चुकवलं तरी चालतं, पाणी थोडं थोडं द्या, नंतर उकडलेलं बिनहाडाचं चिकन आणि भात, जरा जराच. पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते, त्यांच्यासाठी सरळ व्हेट. आपल्या डब्यातली गोळी तर कुठलीच नको, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्यांना विषारी ठरतात, जुलाब थांबवायची गोळी पण मनाने नाही.

उलटी थांबतच नाही, शीमध्ये रक्त दिसतंय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, कुत्रा उठत नाही, तर दवाखाना. आणि पोट फुगलंय, ओकाऱ्या येतायत पण बाहेर काहीच पडत नाही असं असेल तर पोटाला पीळ पडला असू शकतो, तिथे कुणाला विचारत बसू नका, गाडी काढा, फोन रस्त्यातून करा.