‘दोनच तर बोल्ट आहेत’ म्हणणाऱ्यांसाठी

“टायमिंग चेनचा टेन्शनर बदलायला मेकॅनिक कशाला? दोन बोल्ट खोला, जुना काढा, नवा लावा, दहा मिनिटांत काम फत्ते!” हा मेसेज गेले काही दिवस फिरतोय. (मोटरसायकलच्या इंजिनात पिस्टनने फिरणारा शाफ्ट, म्हणजे क्रँक, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला, म्हणजे कॅमला, टायमिंग चेनने फिरवतो. ती चेन ताणून धरतो तो टेन्शनर; चेन ढिली झाली की खुळखुळते.) खाली आणखी सल्ले आहेत: इंजिन कुठल्याही स्थितीत असलं तरी चालतं, ऑटोमॅटिकपेक्षा हाताने आवळायचा टेन्शनर भारी, आवाज पूर्ण थांबेपर्यंत आवळा, नाहीच जमलं तर जाड ऑइल टाका. मी वाचून सोडून दिला होता. मग भाच्याचा फोन आला. “मामा, नवा टेन्शनर बसत नाहीये. जरा लांब दांडीचा पाना आहे का तुझ्याकडे?”

‘लांब दांडीचा’ ऐकलं आणि चप्पल घातली.

टेन्शनर आणि सिलिंडर यांच्यात नखभर फट होती, आणि पठ्ठ्या दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळून ती मिटवत होता. एक बोल्ट नुसताच गरगर फिरू लागला होता. मी तो बाहेर काढला तर त्याच्या आट्यांना ॲल्युमिनियमचं चकचकीत वेटोळं गुंडाळलेलं. म्हणजे सिलिंडरचे आटे बोल्टाबरोबर बाहेर.

मेसेज लिहिणाऱ्याला ‘दोन बोल्ट’ दिसले, आतला दांडा दिसला नाही. भाच्याच्या गाडीत रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने सरकणारा टेन्शनर आहे. स्प्रिंग दांड्याला पुढे ढकलते आणि खाच त्याला मागे येऊ देत नाही. चेन झिजून ढिली झाली की दांडा एक दाता पुढे सरकतो, तिथेच अडकतो. त्यासाठीच तर तो असतो. पण तुम्ही बोल्ट नुसते सैल केलेत तरी दांडा टुणकन पुढे येतो. आता बोल्ट परत आवळा: बॉडी आत जाते, दांडा मागे हटत नाही, सगळा जोर चेनवर आणि दांडा जिच्यावर टेकतो त्या चेनच्या पट्टीवर. पट्टी वाकेल, चेन ताणेल, नाहीतर आटे जातील. ‘जरा सैल करून बघितलं आणि परत लावलं’ एवढ्यावरही हे होतं.

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये क्रम स्पष्ट छापलेला आहे. आधी मधला बोल्ट आणि त्यामागची स्प्रिंग काढायची. खाच दाबून दांडा पूर्ण आत ढकलायचा. मग नवं पॅकिंग घालून बॉडी बसवायची, ती हाताने टेकली पाहिजे. बोल्ट सहा मिमीचे असतात, त्यांना १० ते १२ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो, लांब दांडीचं काम नाही. स्प्रिंग आणि मधला बोल्ट सगळ्यात शेवटी, तेव्हा आतून टकटक ऐकू येते. टेन्शनरच्या दुसऱ्या, स्क्रूच्या प्रकारात मागून बारीक स्क्रूड्रायव्हरने दांडा आत फिरवून स्टॉपरने अडकवून ठेवतात. होंडाच्या कित्येक मॅन्युअलमध्ये तर १ मिमी पत्र्यातून तो स्टॉपर कसा कापायचा याचं चित्रच असतं. म्हणजे घरी करू नका असं कुणीच म्हणत नाहीये. वाचून करा एवढंच.

‘इंजिन कुठल्याही स्थितीत’ हा दुसरा कहर. टेन्शनर निघाला की चेन ढिली. त्या वेळी कॅम व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून उभा असेल तर ती त्याला फिरवते, चेन दाता सोडते. तसंच इंजिन चालू केलं तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. म्हणून मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या चाकावरची) टी खूण जुळवायची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, तीही कॉम्प्रेशनची, व्हॉल्व्ह बंद असतानाची. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक, त्यामुळे खूण दोनदा येते. सिंगल सिलिंडरला दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बोटाने किंचित हलले तर ती बरोबर. दोन सिलिंडरच्या बऱ्याच व्ही इंजिनांत चेन दोन, टेन्शनर दोन, खुणाही वेगळ्या. टेन्शनर बाहेर असताना क्रँकला हात लावायचा नाही, गाडी गिअरमध्ये ढकलायची नाही. बसवून झाल्यावर क्रँक हाताने, नेहमीच्याच दिशेने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा तपासा. कुठे अडलं तर जोर लावू नका.

हाताने आवळायच्या टेन्शनरबद्दल थोडं मान्य करावं लागतं, मनाविरुद्ध. होंडाची १९९७ साली आलेली व्हीटीआर १००० एफ ही मोटरसायकल तिच्या ऑटोमॅटिक टेन्शनरसाठी बदनाम आहे. स्प्रिंग तुटली की चेन मोकळी. तिचे मालक हाताचे टेन्शनर बसवतात ते उगाच नाही. पण ‘आवाज पूर्ण थांबेपर्यंत आवळा’? गरजेपेक्षा घट्ट चेनसुद्धा खुळखुळत नाही, ती पट्ट्या आणि कॅमच्या बेअरिंग खात बसते. बारीक शीळ ऐकू येत असेल तर तुम्ही पुढे गेलात.

जाड ऑइल? स्प्रिंगच्या टेन्शनरला त्याचं काय देणंघेणं! आणि आवाज टेन्शनरचाच कशावरून? क्लच दाबल्यावर बदलला तर आधी क्लच बघा. जुन्या टेन्शनरचा दांडा शेवटच्या दात्यापर्यंत आलेला असेल तर चेनच संपली आहे, नवा टेन्शनर तिला तरुण करणार नाही.

भाच्याने जुना टेन्शनर हातात दिला. मी दाते मोजले, निम्मेसुद्धा बाहेर आले नव्हते.

“मग आवाज कसला होता रे?”

“टॅपेटचा असेल,” तो म्हणाला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीचा. आता आधी सिलिंडरच्या गेलेल्या आट्यांच्या जागी नव्या आट्यांचा इन्सर्ट बसवायचा आहे, मग टॅपेट. इंजिन त्याने चालू केलं नव्हतं, तेवढं बरं केलं.